वाढवायचं की सोडायचं: शहापूरच्या घराची दोन वर्षं

जुलै 2023 मध्ये सलग पाच दिवस पाऊस लागला होता. सहाव्या दिवशी पहाटे न्हाणीत पाणी तापवायला गेले तर मागची भिंत पोट काढून उभी. खालचा लिंपा सुटून पडलेला, आतली माती ओल्या भाकरीसारखी दिसत होती. सासूबाईंनी त्या जागेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. ऑगस्ट 2019 च्या पावसात आमच्या भागात मातीची कितीतरी घरं बसली होती, ते आम्हा दोघींच्याही डोळ्यांसमोर होतं. त्या दिवसापासून मुलांना मागच्या खोलीत झोपू दिलं नाही.

तिथपासून ऑगस्ट 2025 पर्यंत आम्ही काय काय केलं ते इथं लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशी वाडवडिलांची घरं असलेले पुष्कळ जण याच प्रश्नाशी अडलेले मी पाहते. आम्हाला त्या वेळी कुणीतरी क्रमाने सांगितलं असतं तर निदान सहा महिने तरी वाचले असते.

आमचं घर बेळगावातल्या शहापूरच्या एका गल्लीत. रुंदी 22 फूट, लांबी 64 फूट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी, न्हाणी आणि थोडं परडं. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. आजेसासऱ्यांचे हातमाग याच घरात चालायचे. आम्ही पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं, तेव्हा नववीत असलेली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. हे उद्यमबागेत एका कारखान्यात आहेत, मी शाळेत शिकवते. पगार दोन असले तरी उडी मारून काही घ्यावं अशी परिस्थिती नाही.

भाऊबीजेला, 15 नोव्हेंबरला, दोघी नणंदा आल्या होत्या. जेवणं झाल्यावर विषय काढला. यांचं म्हणणं, घर विकून बाहेर स्वच्छ बंगली घेऊ. धाकट्या वन्सं म्हणाल्या, वर माडी चढवा. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मला उचलून न्यायचं असलं तर न्या, मी चालत जाणार नाय." थोरल्या वन्सं काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला वर्षभराने कळला.

जानेवारी-फेब्रुवारी 2024 चे सगळे रविवार जागा बघण्यात गेले. टिळकवाडीच्या बाजूचे फ्लॅट 50 लाखांच्या पुढे, तो विषय दोन रविवारांत मिटला. मग एका एजंटाने दक्षिणेकडच्या शिवारात 30 बाय 40 चा प्लॉट दाखवला. काळी जमीन, समोर उसाचा फड, किंमत आमच्या आवाक्यातली. यांना जागा फार आवडली आणि आम्ही जागच्या जागी 21,000 रुपये इसार देऊन बसलो. कागद मागितल्यावर हातात आला बॉन्ड.

बॉन्डवरची जागा हा आपल्या भागातला नेहमीचा प्रकार, म्हणून थोडं सविस्तर सांगते. शेतजमीन बिनशेती न करता, लेआउट मंजूर न करता तुकडे पाडतात आणि स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर सह्या होतात. सर्व्हे नंबरच्या उताऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहतं. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही, हा 1908 च्या नोंदणी कायद्यातला नियम आहे. बॉन्डला ती नोंदणी नसते. त्यामुळे बँक कर्ज देत नाही आणि उद्या विकायला गेलात तर पुन्हा बॉन्डवरच विकावी लागते. आमच्या वकिलांनी कागद पाहून शांतपणे घडी घातला आणि परत दिला. इसारातले 10,000 तीन महिन्यांनी परत आले, बाकीचे गेले ते गेले. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय खिशात हात घालू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

कंग्राळी खुर्दला एक घर खरोखर चांगलं होतं. ग्रामपंचायत हद्दीतलं, ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीकडच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना 9 आणि 11-अ दोन्ही बरोबर. (11-ब असेल तर तिथेच थांबा. तो अनधिकृत मिळकतीचा उतारा असतो, बँका त्याला सहसा हात लावत नाहीत.) मालक 46 लाख म्हणत होते. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार, शिवाय त्या वेळी नोंदणी शुल्क 1 टक्का, म्हणजे तीन लाख नुसते कागदालाच. हल्ली घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, 31 ऑगस्ट 2025 पासून कर्नाटकात नोंदणी शुल्क 2 टक्के झालं आहे.

पण 46 लाख आणायचे म्हणजे शहापूरचं घर विकायचं. आणि ते विकायला गेलो तेव्हा लक्षात आलं की सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचंच नाव आहे. सासरे 2016 मध्ये गेले, त्यांचंही नाव कधी चढलंच नव्हतं. घर विकायचं तरी उतारा हवा, वाढवायचं तरी परवान्याला आणि कर्जाला उतारा हवाच. दोन महिने आम्ही जे बघत फिरलो ते सगळं या एका कागदाच्या नंतरचं होतं.

मार्चमध्ये वारसा लावायला घेतलं. आजेसासरे आणि सासरे दोघांचे मृत्यूचे दाखले, नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) वंशवृक्ष, सगळ्या वारसांची आधार कार्डं, कर भरल्याच्या पावत्या. सगळ्यात जास्त वेळ नावाने खाल्ला. सासऱ्यांचं नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत एक, मृत्यूच्या दाखल्यावर कन्नडमध्ये दुसरं आणि घरपट्टीवर आडनावाचं शेवटचं अक्षरच गळालेलं. तिन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. घरातल्या प्रत्येकाचं नाव कन्नडमध्ये नेमकं कसं लिहायचं ते आधी एका कागदावर ठरवा आणि प्रत्येक अर्जाला तोच कागद पुढे करा. आम्ही हे चौथ्या अर्जापासून सुरू केलं.

कन्नड अर्ज मला अडखळत वाचता येतो, यांना तेवढाही नाही. घरात खरी वाचणारी मुलगी, तिचं शाळेत कन्नड आहे. दारावर नोटीस लागली तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून एकेक ओळ वाचत होती. "आई, आक्षेपणे म्हणजे हरकत. कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून लिहिलंय." सासूबाई आतून म्हणाल्या, "कुणाची असणार गं हरकत? सगळे गेले की." त्या शब्दांनंतर सोप्यात कुणी काही बोललं नाही.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, 7 मेला आपल्याकडे मतदान झालं. कर्मचारी निवडणुकीच्या कामाला होते, अर्ज जागेवर राहिला. यात कुणाचा दोष नाही, पण निवडणुकीचं वर्ष असेल तर हिशेबात तीन महिने जादा धरा.

पावसाळा तोंडावर आला आणि त्या भिंतीखाली आणखी एक पावसाळा काढायची माझी छाती होईना. गणेशपूरला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडं 9,000, डिपॉझिट 50,000. जून ते सप्टेंबर 2024. हे फक्त सुरक्षिततेसाठी केलं होतं, पण पुढचा निर्णय खरं तर त्या चार महिन्यांनीच केला. म्हणून यावर थोडी थांबते.

पहिल्या आठवड्यात सासूबाई शांत झोपल्या. भिंतीचा आवाज ऐकत जागं राहायचं कारण नव्हतं. संडास घरातच, कमोडचा. त्यांच्या गुडघ्यांना तो इतका मानवला की त्या म्हणाल्या, "हे आधी का नाय केलं रे?" मुलीला दार लावून अभ्यासाला बसता येऊ लागलं. मला ओट्यावर उभ्याने स्वयंपाक. हे सगळं सुख खरंच होतं आणि ते मी लपवणार नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून दुसरी बाजू दिसू लागली. सासूबाई सकाळी गॅलरीत उभ्या राहायच्या, खाली कुणी ओळखीचं नसायचं. शहापुरात त्या सोप्याच्या पायरीवर बसायच्या, तासाभरात अख्खी गल्ली त्यांच्याशी बोलून जायची. भाजीवाली, देवळातून येणाऱ्या बायका, पिग्मी गोळा करणारा मुलगा. इथं दुपारी मी शाळेतून आले की त्या विचारायच्या, "कुणी भेटलं काय गं वाटेत?" यांना कारखान्याच्या वाटेवर रोज खोळंबा. मुलीची दहावीची शिकवणी शहापुरातच, तिला आणायला-सोडायला संध्याकाळ जायची. राकसकोप धरणाच्या नळाच्या पाण्याची सवय होती, इथं बोअर आणि मधूनमधून टँकर.

एका रविवारी मी वहीचं पान घेऊन बसले. गणेशपुरात आम्हाला काय चांगलं वाटतंय ते एकेक लिहिलं. कोरडी भिंत, घरातला संडास, मुलीला एक खोली, ओटा. चारच गोष्टी निघाल्या. यातली एकही गोष्ट गणेशपूरची नव्हती. या चार गोष्टी शहापूरच्या मागच्या पडवीत बसू शकत होत्या. यांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग इंजिनिअरला पुन्हा बोलवू."

शक्य असेल त्यांनी हे जरूर करावं. घर सोडायचा विचार असेल तर आधी त्या भागात भाड्याने राहून बघा. आमचे चार महिन्यांत 36,000 गेले, डिपॉझिट परत मिळालं. 46 लाखांची चूक टाळायला ते स्वस्त पडलं.

इंजिनिअरने फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं, मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकायचा विचारही करू नका. भिंत आज उभी आहे ती कौलांचं वजन पेलायला. सगळं पाडून नवं बांधायचं तर सामाईक भिंतींमुळे दोन्ही शेजाऱ्यांच्या घराला धोका आणि खर्च तिप्पट. तिसरा मार्ग असा, की सोपा आणि माजघर तसंच ठेवायचं, मागची पडवी-न्हाणी उतरवून तिथं स्वतःच्या खांबांवर उभी राहणारी स्वतंत्र बांधणी करायची, खाली 340 आणि वर 300 चौरस फूट. जुन्या भिंतीला नव्याचा भार द्यायचा नाही, मध्ये सांधा मोकळा ठेवायचा. अंदाज 12 लाख.

ऑगस्टमध्ये उताऱ्यावर चार नावं चढली: सासूबाई, हे, आणि दोघी नणंदा. आता हक्कसोडपत्र. कन्नडमध्ये हक्कु बिडुगडे पत्र म्हणतात. धाकट्या वन्सं नंदगडहून एका फोनवर तयार झाल्या. थोरल्या कोल्हापूरहून आल्या, जेवल्या आणि मग स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "माझं नाव राहू दे गं. मला घर नको, पैसे नको. नाव पायजे."

माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग. वर्षभर आम्ही धावतोय आणि आता हे. पण रात्री झोप लागेना. त्या अकरा वर्षांच्या असल्यापासून कांड्या (सुताच्या नळ्या) भरायला मागाजवळ बसायच्या, हे मला माहीत होतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित घरात मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीने आहे. मी शाळेत मुलींना तेच शिकवते आणि घरी मात्र सही मागायला बसले होते. सकाळी यांना म्हटलं, नाव राहू दे. यांनी थोडा वेळ घेतला, पण मानलं. सप्टेंबरमध्ये धाकट्या वन्संचं हक्कसोडपत्र कावेरी 2.0 या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर भरून, वेळ घेऊन, उपनोंदणी कार्यालयात फोटो-अंगठ्यासह नोंदवलं. त्यांना यांनी आपखुशीने सोन्याच्या पाटल्या केल्या. थोरल्यांचं नाव आजही उताऱ्यावर आहे.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की बँकेने त्यांनाही सहकर्जदार म्हणून सही करायला लावली. उताऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, हे आधीच धरून चला. त्या दोन वेळा कोल्हापूरहून आल्या, एकदाही कुरकुरल्या नाहीत.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यभर खरेदी-विक्रीच्या नोंदणीला ई-खाते, म्हणजे मिळकतीचा ऑनलाइन खातेउतारा, सक्तीचं झालं. आम्हाला नोंदणी करायची नव्हती, पण बँकेने तेही मागितलं, म्हणून करून घेतलं. बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ईसी, कावेरीवर ऑनलाइन मिळतं. त्यात व्यवहार असतील तर नमुना 15, काहीच नसेल तर नमुना 16. 2004 च्या आधीच्या वर्षांसाठी कार्यालयात हाती शोध घ्यावा लागतो, त्याला वेळ ठेवा.

मग बँकेच्या वकिलांनी मूळ खरेदीखत मागितलं. सासूबाईंच्या ट्रंकेत, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक कागद होता. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि कागद मोडीत. आमच्यापैकी कुणालाच त्यातलं अक्षर लागेना. कोल्हापूरला थोरल्या वन्संच्या ओळखीने एक मोडी जाणकार गृहस्थ मिळाले. त्यांनी 1,500 रुपयांत देवनागरी करून, सही करून दिलं. मी ते मोठ्याने वाचलं. चतुःसीमा, रक्कम, साक्षीदार आणि मध्येच एक ओळ, "दोन माग बसावयाचे जागेसह". सासूबाई म्हणाल्या, "दोन नव्हे, एकच. माजघरातला." कागद लिहिणाऱ्याची चूक असेल म्हणून आम्ही पुढे गेलो.

12 लाखांचं कर्ज नोव्हेंबरअखेर मंजूर झालं. नकाशा परवान्याला महापालिकेत टाकला. 9 डिसेंबरपासून सुवर्ण विधानसौधात राज्य विधिमंडळाचं अधिवेशन होतं, त्या काळात शहरात आपली कामं कमीच काढावीत. परवाना जानेवारी 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात हातात आला. दोन्ही शेजाऱ्यांकडून खोदाईबद्दल लेखी संमती आम्ही आधीच घेतली होती आणि त्यांच्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते. पुढे वाद झाला तर कोणती चीर जुनी आणि कोणती नवी हे त्यावरून कळतं. संबंध चांगले असतील तर हे जास्तच करावं.

10 फेब्रुवारीला पाया खणायला घेतला. आमच्याकडे वर काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा पाया हलवते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत जायचं असं ठरलं होतं. तीन खड्ड्यांना साडेपाच फुटांवर मुरूम लागला. चौथ्यात पहार अचानक खाली गेली. मेस्त्री म्हणाला, "वहिनी, हितं भराव हाय." माती उपसली तशी आत राख, कौलांचे तुकडे, खापऱ्या आणि तळाशी एक गुळगुळीत लाकडी ठोकळा. सासूबाईंनी तो हातात घेतला, पदराने पुसला. "पावडी हाय ही," म्हणाल्या. खड्डामागावर विणकर पाय खाली सोडून बसतो आणि ज्या लाकडावर पाय दाबतो ती पावडी. खरेदीखतातला दुसरा माग तिथं होता, त्या या घरात लग्न होऊन यायच्या आधीच बुजवलेला.

त्या भरावावर खांब उभा राहिला असता तर काय झालं असतं, हे इंजिनिअरने आम्हाला समजावून सांगितलं. खड्डा पूर्ण उपसून, साडेसात फुटांवर कठीण जमीन गाठून पाया घेतला, सगळे खांब खाली टाय बीमने बांधले. 48,000 रुपये वाढले. जुन्या कागदात जागेचं वर्णन असेल तर त्याची प्रत इंजिनिअरलाही द्या; आम्ही ती फक्त बँकेला दिली होती.

स्लॅब 12 एप्रिलला टाकला. 21 दिवस पाणी मारलं, त्यात मुलाची सुट्टी कारणी लागली. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि बाहेरचा गिलावा लांबला. एकूण खर्च 14 लाख 60 हजार. अंदाजापेक्षा 2 लाख 60 हजार जास्त: पाया, वाळू, आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावरचं पाणी थांबवायला केलेलं पत्र्याचं काम. तो सांधा पहिल्या पावसात दोनदा गळला. जुनं कौलारू आणि नवा स्लॅब जिथं भेटतात तिथंच पैसा आणि लक्ष घाला, बाकी रंगरंगोटी मागून होते.

27 ऑगस्टला गणपती नेहमीप्रमाणे जुन्या सोप्यात बसले. गौरीला दोघी नणंदा आल्या. खालची नवी खोली सासूबाईंची, लगतच संडास. वरची मुलीची. थोरल्या वन्संनी पिशवी घेऊन थेट वरचा जिना चढला, मुलीला म्हणाल्या, "सरक गं थोडी." पावडी मुलीने खिडकीत ठेवली आहे, ती हातात घेऊन त्या बराच वेळ तिला कांड्या कशा भरायच्या ते सांगत होत्या.

पूर्तता दाखल्याचा अर्ज दिला आहे. तो अजून यायचा आहे, पावती फाइलमध्ये मोडीच्या कागदामागे लावून ठेवली आहे.